भरतवाक्यानंतरचा प्रवेश

संस्कृत नाटकाचा शेवट करण्याची एक ठरलेली रीत होती. नायकाचे कार्य सिद्धीस गेले, वियोग मिटले, की कोणी वडीलधारे पात्र त्याला विचारी, 'याहून तुझे आणखी काय प्रिय करू?' नायक उत्तरे, की आता मागण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही एवढे व्हावे. मग भरतवाक्य येई. त्या श्लोकात नायक स्वतःसाठी काही मागत नसे. पाऊस वेळेवर पडो, राजा न्यायाने वागो, सज्जनांचे भले होवो, अशी ती सर्वांसाठीची प्रार्थना असे. मराठी संगीत नाटकाने नांदीबरोबर ही रीतही उचलली. भरतवाक्य झाले की नाटक संपले. त्यानंतर एखाद्या पात्राने पुन्हा रंगमंचावर येऊन 'पुढे काय होणार आहे ते ठाऊक आहे का?' असे कुजबुजावे, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

आज नेमकी ही कुजबूज एका मोठ्या कथाव्यवसायाची रूढ रीत झाली आहे. हजारो माणसे एकाच वेळी ज्यांत वावरतात अशा ऑनलाइन खेळांच्या कथा खंडाखंडाने प्रसिद्ध होतात. आधी मूळ खेळ, मग वर्षा-दोन वर्षांनी वेगळे पैसे देऊन घ्यावयाचा त्याचा विस्तार (खेळणारे त्याला एक्स्पान्शन म्हणतात), मग आणखी एक विस्तार. प्रत्येकाच्या अखेरीस खलनायकाचा पाडाव होतो. खेळ घडवणाऱ्या शेकडो लोकांची श्रेयनामावली पडद्यावरून सरकत जाते. ती संपली, खेळणारा उठण्याच्या बेतात आला, की आणखी एक लहानसे दृश्य उजळते. कुठल्या तरी दूरच्या अंधारात कोणी तरी डोळे उघडते आणि पडदा पुन्हा काळा होतो. पुढचा विस्तार पुष्कळदा अजून घोषितही झालेला नसतो. त्याची चाहूल मात्र लागलेली असते.

याकडे विक्रीची क्लृप्ती म्हणून पाहणे सोपे आहे आणि ते खोटेही नाही. परंतु गोष्ट संपवताना पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवण्याचा इतिहास या खेळांहून फार जुना आहे, आणि त्यातला बराच भाग एकट्या नाशिकच्या परिसरात उभे राहून सांगता येतो. तो सांगू लागले की लक्षात येते, युक्ती फारशी बदललेली नाही. बदलला आहे तो पुढच्या गोष्टीवरचा हक्क.

* * *

नाशिक या नावाची लोकांनी लावलेली व्युत्पत्ती सर्वांस ठाऊक आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून नासिक. नऊ शिखरांवरून 'नवशिख' अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. पण लोकमानसाने नाकच धरून ठेवले आहे. भाषाशास्त्राचा निर्णय काहीही असो, कथाशास्त्राच्या दृष्टीने ही निवड विचार करण्यासारखी आहे. रामकथेतील अनेक स्थळांना एखादी गोष्ट पूर्ण झाल्याचे माहात्म्य आहे. अयोध्येला जन्म आणि राज्याभिषेक आहे, रामेश्वराला सेतू आहे. नाशिकच्या वाट्याला आलेला प्रसंग मात्र काहीच पूर्ण करीत नाही. अपमानित शूर्पणखा तेथून निघते. आधी खराकडे जाते, जनस्थानात युद्ध होते, खर मारला जातो. एखादा लहान कवी येथे थांबला असता, कारण वनातील उपद्रव संपलेला आहे. पण शूर्पणखा लंकेला जाते आणि रावणापुढे सीतेच्या रूपाचे वर्णन करते. लढाई संपल्यावर उरलेले एक पात्र दूरच्या एका सामर्थ्यवान माणसाचे डोळे उघडते, आणि त्यातून पुढचे सगळे रामायण घडते. आजच्या खेळांतील श्रेयनामावलीनंतरच्या दृश्याचा आराखडा याहून फारसा वेगळा नाही.

प्राचीन शास्त्रकारांनी अशा जोडकामाला नावेही दिली होती. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त अर्थोपक्षेपकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या 'अंकास्या'त अंकाच्या शेवटी असलेली पात्रेच पुढच्या अंकाचा आरंभ सुचवून जातात. त्यावरील टीकेत उदाहरण दिले आहे ते भवभूतीच्या 'महावीरचरिता'तील दुसऱ्या अंकाच्या शेवटाचे. तेथे सुमंत्र येऊन वसिष्ठ-विश्वामित्रांचे बोलावणे सांगतो आणि तिसरा अंक त्याच ठिकाणी उघडतो. मात्र अंकास्य हे दोन अंकांमधले साधन आहे. सगळे नाटक संपल्यावर पुढच्या नाटकाची जाहिरात करण्यासाठी ते नाही. एकाच बैठकीत, एकाच रात्री, ज्या प्रेक्षकाची उत्कंठा वाढवली त्याचीच ती शमवायची, असा हा हिशोब होता. उधारी होती, पण ती पहाटेपर्यंत फिटत असे.

भवभूती आठव्या शतकातला, आणि त्याने स्वतः सांगितलेले पद्मपूर परंपरेने विदर्भात मानले जाते. 'महावीरचरित' राज्याभिषेकापर्यंत येऊन संपते. त्यापुढची कथा त्याने 'उत्तररामचरिता'त वेगळ्या नाटकात सांगितली. तिच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच भूतकाळाची चित्रे पाहतात. त्या चित्रांत पंचवटी येते, शूर्पणखा येते आणि जुनी भीती क्षणभर पुन्हा जागी होते. 'मागील भागात आपण पाहिले' असे सांगण्याची याहून सुंदर रीत कोणाला सुचली असेल असे वाटत नाही. दुसरा आणि तिसरा अंक तर पुन्हा जनस्थानात, गोदावरीच्या काठीच घडतो. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की भवभूतीने शेवट बदलला. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता भूमीत जाते. भवभूतीच्या नाटकात राम-सीतेचे मीलन होते. यासाठी त्याला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. पुढची गोष्ट ज्याला सांगता येईल त्याची होती.

* * *

मराठी पोथ्यांत हीच वृत्ती वेगळ्या रूपाने दिसते. श्रीधरस्वामींनी अठराव्या शतकाच्या आरंभी 'हरिविजय' आणि 'रामविजय' लिहिले. 'रामविजया'चे चाळीस अध्याय आहेत आणि चातुर्मासात रोज थोडे थोडे असे ते गावोगाव वाचले गेले. अध्याय संपताना कवी श्रोत्यांना पुढील प्रसंगाची कल्पना देतो. उद्या सभेला पुन्हा या, हा त्यातला व्यवहार उघड आहे. पण येथे उत्कंठेचे स्वरूप निराळे आहे. उद्या काय घडणार हे समोर बसलेल्या आजीला कवीइतकेच ठाऊक आहे. चाहूल दिली जाते ती रहस्याची नव्हे, एका ओळखीच्या भेटीची.

'गुरुचरित्रा'त तर या चाहुलीची सूत्रे श्रोत्याच्याच हाती आहेत. सगळा ग्रंथ सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद आहे. एक कथा संपली की नामधारक पुढे काय झाले ते विचारतो आणि सिद्ध सांगू लागतो. म्हणजे गोष्ट पुढे जाते ती सांगणाऱ्याने आमिष दाखवले म्हणून नाही, तर ऐकणाऱ्याने विचारले म्हणून. श्रोत्याचा प्रश्न हाच दोन अध्यायांमधला सांधा आहे. मौखिक परंपरेतील एक सत्य या रचनेत नोंदले गेले आहे, ते असे की श्रोत्याला विचारण्याचा अधिकार आहे आणि सांगणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी आहे.

छापखाना आला आणि या व्यवहारात अनिश्चितता शिरली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमाक्रमाने दिली. प्रकरणाच्या खाली 'पुढे चालू' किंवा 'क्रमशः' हे शब्द येऊ लागले. दिसायला ते पोथीतल्या 'पुढील अध्यायी'सारखेच. पण अर्थ पालटला होता. यमूचे पुढे काय होणार हे घरातल्या आजीला ठाऊक नव्हते. ते एका माणसाला ठाऊक होते, आणि पुष्कळदा त्यालाही पुरते ठाऊक नसे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या (स्थापना १८४०) संस्थांतून नियतकालिके वाचणारा मराठी वाचक प्रथमच अशा गोष्टीची वाट पाहू लागला, जी अजून अस्तित्वातच आलेली नव्हती.

'क्रमशः' हा शब्द तेव्हापासून एक हुंडी बनला. लेखकाने ती लिहून द्यायची, वाचकाने विश्वासाने ठेवून घ्यायची आणि पुढच्या अंकात ती वटायची. सर्वच हुंड्या वटल्या नाहीत. आपट्यांच्या स्वतःच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. नियतकालिके बंद पडत, लेखक आजारी पडत, कर्जे चढत. पोथीचे वाचन कोणी मध्येच सोडले तर दुसरा कोणी तेथून पुढे वाचू शकत होता. छापील कादंबरी मध्येच थांबली की ती थांबलीच.

* * *

आता पुन्हा नाशिक. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशनमध्ये जनतेपुढे आला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला, आणि भारतीय मूकपटाचा पहिला महत्त्वाचा कालखंड गोदाकाठी घडला. १९१७ मध्ये त्यांनी 'लंकादहन' काढले; त्यात साळुंके या नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी 'श्रीकृष्णजन्म' आणि पुढच्या वर्षी 'कालियामर्दन' आले.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी जन्म, मग मर्दन. म्हणजे फाळके कृष्णकथा भागाभागांनीच सांगत होते. पण पुढच्या भागाची चाहूल देण्याची त्यांना गरज नव्हती, कारण पोथीतल्या श्रोत्याप्रमाणेच त्यांच्या प्रेक्षकालाही पुढचा भाग पाठ होता. उलट 'कालियामर्दना'च्या आरंभी त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. कृष्णाची भूमिका करणारी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कथेच्या बाहेर, प्रेक्षकांकडे तोंड करून, निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग तिचा कृष्ण होतो आणि कथा सुरू होते. कथेबाहेरचे दृश्य फाळक्यांनी आरंभी ठेवले. नांदीनंतर सूत्रधाराने यावे तशी ती मुलगी येते आणि सांगून टाकते, की हा खेळ आहे आणि मी तो करणार आहे. आज शेवटी ठेवले जाणारे दृश्य याच्या उलट काम करते. खेळ संपला असे वाटत असतानाच ते सांगते की संपलेला नाही.

'लंकादहना'नंतरचा रामकथेतला मोठा प्रसंग म्हणजे सेतू. फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला १९३२ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत भागीदारांशी मतभेद झाले, ते कंपनीतून बाहेर पडून काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, पुन्हा परतले. तोवर १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला होता, आणि मूकपट म्हणून काढलेल्या 'सेतुबंधना'ला नंतर आवाज जोडावा लागला. हनुमान लंका जाळून परतला आणि सेतूचा पहिला दगड पाण्यात पडेपर्यंत पंधरा वर्षे गेली. कथेचा पुढचा भाग निश्चित होता. अनिश्चित झाले होते ते भांडवल, यंत्र आणि निर्मात्याचे स्वास्थ्य. सिनेमाने कथनाच्या इतिहासात आणलेली ही नवी गोष्ट होती. गोष्ट सर्वांची असली तरी ती सांगण्याचे साधन इतके महाग झाले, की पुढचा भाग येणार की नाही हे हिशोबाच्या वहीत ठरू लागले.

त्याच सुमारास धारावाहिक चित्रपटही आले. अमेरिकेत १९१३ च्या अखेरीस 'द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' हा तेरा भागांचा मूकपट 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्रातील कथेच्या जोडीने निघाला. नायिकेची साहसे एका काल्पनिक हिंदी संस्थानात घडत होती, हे येथे नोंदण्यासारखे आहे. प्रत्येक भाग संकटाच्या ऐन टोकावर तोडायचा आणि पुढच्या आठवड्यात जोडायचा, हे तंत्र या मालिकांनी पक्के केले. आपल्याकडे श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ मध्ये 'राम वनवास' चार भागांत काढला. भारतातील पहिला धारावाहिक चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. परके तंत्र घेतले आणि त्यात भरली ती पाठ असलेली कथा. 'पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही माणसे पुढच्या भागाला येतात, हे पोथीवाचकांना ठाऊक असलेले सत्य चित्रपटालाही उपयोगी पडले.

* * *

श्रेयनामावलीच्या पोटात वचन ठेवण्याची चाल यानंतरची. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या शेवटी जेम्स बाँड 'गोल्डफिंगर'मध्ये परत येईल असे पडद्यावर लिहून आले आणि पुढच्या वर्षी ते वचन पाळले गेले. पण १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'ने 'फॉर युअर आईज ओन्ली'चे वचन दिले असताना त्याच वर्षीच्या 'स्टार वॉर्स'चे यश पाहून निर्मात्यांनी अंतराळातला 'मूनरेकर' आधी काढला. हुंडी वटली, पण १९८१ मध्ये. पुढे २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये नामावली संपल्यावर निक फ्युरी अंधारातून पुढे येतो आणि इतर वीरांचा उल्लेख करतो. ते सारे वीर एकत्र आले २०१२ मध्ये. तेव्हापासून नामावली संपेपर्यंत खुर्चीत बसून राहणे हा प्रेक्षकांचा शिष्टाचारच झाला.

ऑनलाइन खेळांनी ही रीत चित्रपटांकडून घेतली. परंतु त्यांच्या घडणीत एक मूलभूत वेगळेपण आहे. चित्रपटाचे जग दोन तासांनी मिटते. ऑनलाइन खेळाचे जग मिटत नाही. खलनायक मेला, नामावली सरकून गेली, तरी खेळणारा त्याच चौकात परत येतो. तेथे त्याचे सोबती असतात, दुकाने उघडी असतात. असल्या जगाला शेवट हा मुद्दाम आणावा लागतो, आणि आणल्यावर तो खरा नव्हे हेही लगेच सांगावे लागते, कारण पुढचा विस्तार येईपर्यंतच्या वर्ष-दोन वर्षांत खेळणारे निघून गेले तर ते जग ओस पडेल. दृश्य लहान असते आणि त्यात नेमके काही सांगितलेले नसते. ते पाहणारा जे तर्क करतो, दुसऱ्याला सांगतो, भांडतो, त्यावर मधला रिकामा काळ निभावतो. पोथीच्या दोन रात्रींमधला दिवस जसा गावगप्पांचा, तसाच हा काळ.

तीन उदाहरणे पुरेशी होतील. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा 'फायनल फँटसी फोर्टीन' २०१० मध्ये निघाला आणि फसला. कंपनीने तो दुरुस्त करीत बसण्याऐवजी त्याचे जगच बुडवायचे ठरवले. खेळाच्या आकाशात एक तांबडा चंद्र दिवसेंदिवस जवळ येत गेला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी खेळ बंद झाला तेव्हा दाखवलेल्या चित्रफितीत त्या चंद्रातून बहामुत नावाचा महाकाय प्राणी बाहेर पडून सारे जाळतो; एक वृद्ध ज्ञानी नायकांना काळाच्या पुढे पाठवून वाचवतो. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ उघडला तो त्या प्रलयानंतरच्या जगात. धंद्यातले अपयशच येथे प्रलयकथेत गुंफले गेले, आणि वचन नऊ महिन्यांत पाळले गेले.

दुसरे उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे. २०१६ च्या 'लीजन' या विस्ताराची सांगता २०१७ च्या अखेरीस झाली. तीत सार्गेरास हा विश्वसंहारक बंदी होता होता आपली प्रचंड तलवार पृथ्वीच्या पोटात खुपसतो. २०१८ चा पुढचा विस्तार त्या जखमेच्या परिणामांतून सुरू झाला खरा. पण तलवार तशीच राहिली. वाळवंटात रुतलेली, डोंगराएवढी ती तलवार खेळणारे जाता-येता वर्षानुवर्षे पाहत राहिले. न वटलेली हुंडी एखाद्या गावाच्या वेशीवर पुतळ्यासारखी उभी असावी, तसा हा प्रकार. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने पुढचे तीन विस्तार नावांनिशी एकदमच जाहीर केले. चाहूल देण्याऐवजी पोथीसारखी अनुक्रमणिकाच पुढे ठेवली.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. सप्टेंबर २०१७ च्या 'डेस्टिनी २' या खेळाच्या शेवटी नामावलीनंतर एक दृश्य येते. मानवजातीचा रक्षक असलेला शुभ्र गोल जागा होतो, त्याच्या प्रकाशाची लाट ग्रहमाला ओलांडून, आकाशगंगाही ओलांडून दूर जाते आणि अथांग काळोखात थांबलेल्या काळ्या पिरॅमिडांच्या ताफ्याला स्पर्श करते. ताफा जागा होतो. ती पिरॅमिडे कथेत येऊन पोचली जून २०२० मध्ये. वचन पाळले गेले, तेही जवळजवळ तीन वर्षांनी. येथपर्यंत सारे उत्तम. पण १० नोव्हेंबर २०२० रोजी 'बियाँड लाइट' हा विस्तार आला, आणि त्याच दिवशी २०१७ ची मूळ कथा, तिची काही ग्रहस्थाने आणि अर्थात तिचा शेवट, हे सारे खेळातून काढून टाकण्यात आले. खेळ फार अवजड झाला होता, हे त्याचे कारण कंपनीने दिले. ज्यांनी ती कथा पैसे देऊन घेतली होती त्यांनाही ती पुन्हा खेळता येईना. नवागताला वचनपूर्ती दिसते. वचन दिसत नाही.

जुन्या गोष्टी पूर्वीही नष्ट होत. फाळक्यांच्या 'लंकादहना'चा थोडाच भाग आज उरला आहे. पण तो काळाने, उष्णतेने, अनास्थेने खाल्ला. येथे कथा मालकाने स्वतः, ठरवून, एका तारखेला उचलून नेली. आणि तिची जागा दुसरा कोणी भरू शकत नाही, कारण तिची पात्रे, स्थळे, नावे या सर्वांवर कायद्याने एकाचाच हक्क आहे.

* * *

मग ऐकणाऱ्याच्या हाती काय राहिले? शेवट मान्य नाही असे श्रोत्यांनी सांगितल्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशात, आपल्याच डोळ्यांदेखत घडले आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. बावन्न भागांची मुदत वाढत वाढत अठ्ठ्याहत्तरवर गेली आणि मालिका राज्याभिषेकाशी थांबली. भवभूतीच्या 'महावीरचरिता'प्रमाणे, आणि अनेकांच्या मते मंगल जागीच थांबली. पण जालंधर आणि उत्तरेकडील इतर काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. त्यांतले अनेक जण स्वतःला वाल्मीकीचे वंशज मानत. राज्याभिषेकाशी कथा संपली तर लव-कुश येत नाहीत, सीतेला आसरा देणारा आश्रम येत नाही आणि ज्याने ही कथा रचली तो वाल्मीकीच कथेत येत नाही. त्यांची मागणी करमणूक वाढवण्याची नव्हती. कथेत आपली जागा जेथे येते तेथपर्यंत ती सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे उत्तरकांडावरील मालिका निघाली.

नाशिककराला या प्रसंगाचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह सुरू झाला, त्यात रामाच्या दारात कोणी उभे राहावयाचे आणि कोणी नाही, हा प्रश्न होता. दोन्ही प्रसंगांत पुष्कळ अंतर आहे, आणि मालिकेच्या भागांची तुलना माणुसकीच्या हक्काशी कोणी करू नये. तरीही एक गोष्ट दोहोंतून दिसते: कथा सर्वांची आहे असे म्हणणे सोपे असते, तिच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे विचारल्यावर खरी परिस्थिती कळते.

आजच्या खेळातील नामावलीनंतरचे दृश्य या प्रश्नासमोर ठेवून पाहावे. ते उत्कंठा वाढवते हे खरे. त्यात कारागिरी असते, कधी कधी खरे सौंदर्यही असते. प्रकाशाची ती लाट पाहताना अंगावर शहारे येत नाहीत असे म्हणणारा मनुष्य दुराग्रही म्हणावा लागेल. पण ते आणखी एक काम करते. अजून न लिहिलेल्या कथेभोवती ते कुंपण घालते. पुढे काय घडेल याचे तर्क तुम्ही कितीही करा. जे घडेल ते आमच्याकडून, आम्ही ठरवू तेव्हा आणि आम्ही ठरवू तितकेच दिवस, असे ते सांगते. नामधारकाने विचारायचे आणि सिद्धाने सांगायचे, हा क्रम येथे उलटला आहे. प्रश्नही सिद्धच विचारतो, उत्तरही तोच विकतो, आणि मनात आले तर आधीचा अध्यायही परत घेतो.

म्हणून खेळणाऱ्यांनी तर्क करणे, आपापसांत पुढच्या कथा रचणे, काढून टाकलेल्या दृश्यांच्या चित्रफिती जपून ठेवणे, या उद्योगांना मी पोरखेळ समजत नाही. भवभूतीने उघडपणे जे केले ते आज लोकांना आडून करावे लागते, इतकेच. फाळक्यांच्या तुटक्या रिळांतून आपण आज जे काही जाणतो, तेही कोणी तरी ती रिळे फेकून न देता ठेवली म्हणून.

भरतवाक्यात नायकाला विचारले जाई की आणखी काय हवे, आणि तो म्हणे, मला काही नको, लोकांचे भले व्हावे. त्या एका श्लोकाने प्रेक्षकाला कथेतून सोडवून त्याच्या स्वतःच्या पावसापाण्याच्या, राजा-प्रजेच्या जगात परत पाठवले जाई. पुढची गोष्ट कोणाला सांगायची असेल तर ती त्याने घरी जाऊन सांगावी, यासाठी रंगमंच मोकळा ठेवून नटमंडळी आत निघून जात.